स्थानिक वस्तुसंग्रहालय आणि शालेय इतिहास-शिक्षण : तेर येथील संग्रहालयाच्या संदर्भात शिक्षक-प्रशिक्षणाचा विचार

बीजशब्द : वस्तुसंग्रहालय, स्थानिक इतिहास, तेर (तगर), शालेय सहल, शिक्षक-प्रशिक्षण, पुराणवस्तू

प्रस्तावना :

शालेय इतिहासाचे पाठ्यपुस्तक देशाच्या किंवा फार तर राज्याच्या पातळीवर बोलत असते. राज्यातील सर्व विद्यार्थ्यांसाठी एकच पुस्तक लिहावयाचे म्हटल्यावर हे स्वाभाविकच आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा होतो की, इतिहास म्हणजे दुसरीकडे कुठेतरी घडलेली गोष्ट, असा ग्रह मुलाच्या मनात प्राथमिक शाळेतच घट्ट होऊन बसतो. लातूर जिल्ह्यातील मुरुड येथील विद्यार्थ्याला रायगड ठाऊक असतो, मोहेंजोदडो ठाऊक असते. मात्र आपल्या गावाहून ढोकीमार्गे ज्या तेर गावी सहज जाऊन येता येते, तेथे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी व्यापार करणारे नगर नांदत होते, याची त्याला बहुधा कल्पना नसते. तेर त्याला माहीत असते ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून, वारीचे गाव म्हणून. ही ओळख खरी आहे आणि ती जपलीही पाहिजे. प्रश्न एवढाच की, त्याच गावातील कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय हे त्याच्या इतिहासाच्या अभ्यासात कधी आणि कसे येते?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. संग्रहालयांच्या शालेय उपक्रमांविषयी आपल्याकडे बोलले जाते ते मुख्यतः विद्यार्थ्यांच्या भेटींच्या अंगाने. किती शाळा आल्या, किती मुलांनी पाहिले, अशी मोजदाद होते. लेखकाचे प्रतिपादन थोडे निराळे आहे. स्थानिक संग्रहालयाचा शालेय उपयोग विद्यार्थ्यापासून नव्हे, तर शिक्षकापासून सुरू व्हावयास हवा. शिक्षक तयार नसेल तर सर्वांत समृद्ध संग्रहही काचेआडच राहतो. मुरुडच्या बाबतीत हे म्हणणे विशेष लागू पडते, कारण लातूर जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे प्रचलित भाषेत ‘डाएट’, मुरुड येथेच आहे. शिक्षक घडविणारी संस्था आणि मराठवाड्यातील एक अत्यंत महत्त्वाचा पुराणवस्तुसंग्रह एकमेकांच्या इतक्या जवळ असणे हा योग सर्वच जिल्ह्यांच्या वाट्याला येत नाही.

तेरचा संग्रह :

तेर हे तेरणा नदीच्या काठी वसलेले गाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक भाषेतील प्रवासवर्णनपर ग्रंथात पैठणपासून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘तगर’ नावाच्या मोठ्या नगराचा उल्लेख येतो. तेथून निरनिराळ्या प्रकारचे कापड गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या अवघड मुलखातून, भडोच बंदराकडे जात असे. टॉलेमीच्या भूगोलातही या नगराची नोंद आहे. पुढे शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करीत असतानाही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत; म्हणजे नगराचे वैभव ओसरल्यावरही त्याचे नाव प्रतिष्ठेचे राहिले होते. हे तगर म्हणजेच तेर, ही गोष्ट जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली मांडली आणि लगोलग हेन्री कझिन्स यांनी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात तेथील प्राचीन वास्तूंचे वर्णन प्रसिद्ध केले.

विद्वानांनी तेरची ओळख पटविली, परंतु तेरच्या वस्तू जमविल्या त्या गावातीलच एका गृहस्थाने. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून आणि परिसरातून मिळणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे गोळा केल्या, सांभाळल्या. ‘पांढर’ हा शब्द आपल्या खेड्यांत आजही जिवंत आहे. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, कोसळलेल्या भिंतींची माती साचून जे पांढुरके टेकाड उभे राहते, ते पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने वस्तीच्या थरांचे पुस्तकच असते. पावसाने ती माती धुपली की मणी, नाणी, खापरे वर येतात. लामतुरे यांनी जमविलेला हजारो वस्तूंचा संग्रह हाच आजच्या शासकीय संग्रहालयाचा गाभा होय. पुण्यातील दिनकर केळकर यांनी आपला संग्रह १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केला, ती घटना महाराष्ट्रभर परिचित आहे. त्या मानाने लामतुरे यांचे नाव आपल्याच विभागात पुरेसे परिचित नाही, ही खेदाची बाब आहे.

या संग्रहात सातवाहनकालीन शिशाची आणि पोटीनची नाणी आहेत, शंखाच्या बांगड्या आणि नाना प्रकारच्या दगडांचे मणी आहेत, दुहेरी साच्यातून काढलेल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या सुबक मूर्ती आहेत, अमरावतीच्या शैलीशी नाते सांगणारे चुनखडीच्या दगडातील शिल्पखंड आहेत. तेरच्या पांढरीतून रोमन धर्तीचे दिवे आणि रोमन नाण्यांच्या छापावरून घडविलेली मातीची पदकेही मिळाली आहेत. ही पदके गळ्यात घालण्यासाठी असत. परदेशी नाण्याची मातीची नक्कल करून ती दागिना म्हणून मिरवावी, असे ज्या माणसांना वाटले, त्यांच्या मनाचा विचार सहावीतील मूलही करू शकते. तेवढ्यासाठी त्याला कोणत्याही राजवंशाची वंशावळ पाठ असावी लागत नाही.

सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडले गेले. तेथील उत्खननात १९३८ साली भारतीय बनावटीची एक हस्तिदंती मूर्ती सापडली. तेरची मूर्ती तिच्याशी साम्य दाखविते. मराठवाड्यातील एक खेडे आणि भूमध्य समुद्राकाठचे एक शहर यांचा संबंध एका वीतभर वस्तूने जोडला जावा, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातील ‘भारताचे रोमशी व्यापारी संबंध होते’ या वाक्याला एकदम अर्थ देऊन जाते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या इयत्ता सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात प्राचीन भारत आणि जग यांच्या संबंधांवर स्वतंत्र पाठ होता. तो पाठ मुरुडच्या किंवा ढोकीच्या शाळेत शिकविताना तेरचा उल्लेख न करता पुढे जाणे म्हणजे विहिरीच्या काठावर बसून पाण्याचे सूत्र फळ्यावर लिहिण्यासारखे आहे.

सहल आणि अभ्यासभेट :

शाळांच्या सहली हिवाळ्यात निघतात. सवलतीच्या दरातील एस. टी. ठरविली जाते, शिक्षण विभागाची परवानगी घेतली जाते, पालकांची संमतिपत्रे गोळा होतात. एका किंवा दोन दिवसांत चार-पाच ठिकाणे ‘करावयाची’ असतात. त्यांत संग्रहालय असलेच तर ते दोन देवस्थानांच्या मध्ये, पाऊण तासाचे. मुले रांगेने आत शिरतात, रांगेने बाहेर पडतात. शिक्षकाचे सारे लक्ष संख्या मोजण्याकडे असते, आणि ते तसे असण्यात त्याचा दोष नाही. पन्नास-साठ मुले सुखरूप परत नेण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या शिरावर असते. संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांचे लक्ष काचेला हात लागू नये याकडे असते. त्यांचाही दोष नाही. दोष रचनेचा आहे. आत गेल्यावर मुलांनी नेमके काय करावयाचे, हे कोणीच ठरविलेले नसते.

अभ्यासभेट ही सहलीपेक्षा वेगळी गोष्ट आहे. तिच्यात पाहावयाच्या वस्तू थोड्या असतात आणि वेळ अधिक असतो. तीस मुलांचा एक वर्ग, त्याचे पाच गट, प्रत्येक गटाला एकच वस्तू आणि पंधरा मिनिटे. वस्तू कशाची बनली आहे, कशी बनविली असेल, कोठे झिजली आहे, कोणाच्या हाताळण्यातील असेल, आज आपल्या घरात तिच्या जागी काय आहे? या प्रश्नांना फलकावर उत्तर नसते. ते वस्तूकडे पाहूनच द्यावे लागते. आपल्या संग्रहालयांतील फलक बहुधा वस्तूचे नाव आणि शतक एवढेच सांगतात, आणि मुले तेवढेच वहीत उतरवून घेतात. वही भरते, पाहणे राहून जाते. म्हणून पहिल्या फेरीत वही-पेन बाहेर ठेवावे असे सुचवावेसे वाटते. रेखाटनासाठी कागद मात्र जरूर द्यावा. वस्तूचे चित्र काढताना डोळ्यांना तिच्यावर थांबावेच लागते.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ याने शाळेतील ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडण्याचे तत्त्व पहिल्या क्रमांकावर ठेवले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही स्थानिक संदर्भावर भर आहे. इयत्ता दहावीच्या २०१८ च्या पाठ्यपुस्तकाने तर ‘उपयोजित इतिहास’ आणि ‘ऐतिहासिक ठेव्याचे जतन’ हे स्वतंत्र पाठच दिले. म्हणजे धोरणाच्या पातळीवर उणीव आहे असे म्हणता येत नाही. उणीव आहे ती धोरण आणि वर्ग यांच्या मधल्या पायरीवर.

शिक्षक आणि वस्तू :

ही मधली पायरी म्हणजे शिक्षक. प्राथमिक शाळेतील बहुसंख्य शिक्षक इतिहासाचे पदवीधर नसतात आणि असले तरी विद्यापीठीय अभ्यासक्रमात त्यांनी वस्तू हाताळलेली नसते. आपण महाविद्यालयीन प्राध्यापकांनीही हे प्रांजळपणे मान्य करावे की, आपल्या पदवी वर्गांत साधने म्हणून नाणी, शिलालेख, मृद्भांडी यांची यादी सांगितली जाते. त्यांतील एखादे खापर मात्र विद्यार्थ्याच्या तळहातावर क्वचितच ठेवले जाते.

परदेशांत या दृष्टीने विचार लवकर सुरू झाला. खास मुलांसाठीचे पहिले संग्रहालय न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे १८९९ साली निघाले. आपल्या देशात सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र १९७९ पासून सेवेतील शिक्षकांना कला आणि वारसा यांचे प्रशिक्षण देत आले आहे. परंतु दिल्लीतील किंवा अन्य शहरातील प्रशिक्षणाला जिल्ह्यातून मोजकेच शिक्षक जाऊ शकतात. जे काम राष्ट्रीय संस्था काही शिक्षकांसाठी करते, ते जिल्हा संस्था सर्वांसाठी करू शकते. डाएटकडे छात्राध्यापक असतात, सेवांतर्गत प्रशिक्षणे असतात, आणि केंद्रस्तरावर शिक्षण परिषदांचे जाळे असते. त्यांत एक दिवस तेरचा असावा, इतकी साधी ही सूचना आहे.

त्या एका दिवसात काय करता येईल, याचे एक उदाहरण देतो. सातवाहनकालीन वस्त्यांत काळी-तांबडी मृद्भांडी मोठ्या प्रमाणावर सापडतात. भांडे आतून आणि काठाशी काळे, बाहेरून खाली तांबडे. असे का? पुस्तकी उत्तर असे की, भांडे पालथे ठेवून भाजले असता आतील भागाला आणि काठाला हवा मिळत नाही, म्हणून तो भाग काळा राहतो. बाहेरच्या भागाला हवा मिळून तो तांबडा होतो. हे उत्तर शिक्षकाला सांगून टाकण्याऐवजी त्याला आधी कुंभाराच्या आव्याजवळ नेता येईल. मुरुड परिसरात काय किंवा तेरमध्ये काय, मातीकाम जाणणारी माणसे आहेत. आवा कसा रचतात, धूर कधी कोंडतात, कच्चे भांडे वाजवून कसे ओळखतात, हे ती सांगतील. त्यानंतर संग्रहालयातील खापर पुन्हा पाहावे. आता ते केवळ ‘इ. स. पहिले ते दुसरे शतक’ राहत नाही.

आणि तेरमध्ये कुंभार म्हटले की गोरोबाकाका आलेच. संतमंडळींच्या मेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर थापटून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे याची परीक्षा केली आणि नामदेवांना कच्चे ठरविले, ही आख्यायिका आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. थापटणे हे अवजार आणि ही कथा यांच्यामुळे मूल वस्तूपर्यंत आपल्याच पायांनी चालत येते. मात्र येथे शिक्षकाने एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. आख्यायिका ही लोकांच्या श्रद्धेची आणि स्मृतीची साक्ष देते, खापर हे भाजण्याच्या तंत्राची साक्ष देते. दोन्ही साक्षी आहेत, पण वेगवेगळ्या गोष्टींच्या. इतिहासाच्या पद्धतीचा हा पहिला धडा शाळकरी वयात मिळाला तर तो पुढे पदवीच्या वर्गात नव्याने शिकवावा लागणार नाही.

शिक्षकाच्या पूर्वतयारीची खरी कसोटी लागते ती त्रिविक्रम मंदिरापाशी. विटांनी बांधलेली, मागील बाजू अर्धवर्तुळाकार आणि छत गजपृष्ठाकार असलेली ही वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह असावी, असे कझिन्स यांनी सांगितले आणि ते मत सर्वसाधारणपणे स्वीकारले गेले. आंध्र प्रदेशातील चेजर्ला येथील कपोतेश्वर मंदिर ही या प्रकारची दुसरी सुप्रसिद्ध वास्तू. लेणी कोरलेली असतात, म्हणून टिकतात. बांधलेली चैत्यगृहे जवळजवळ सर्व नष्ट झाली. ती बांधीव रूपात कशी दिसत असतील, हे तेरला प्रत्यक्ष पाहता येते, हे तिचे महत्त्व. आता वर्गातील एखादी चुणचुणीत मुलगी विचारणारच, ‘सर, मग हे देऊळ कोणाचे?’ तयारी नसलेला शिक्षक हा प्रश्न टाळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे घाईने एका बाजूचे उत्तर देतो. तयारी असलेला शिक्षक सांगेल की, वास्तूचे आयुष्य माणसाहून मोठे असते. तिच्यात एकामागून एक पिढ्यांनी आपापल्या पद्धतीने उपासना केली, आणि ती वापरात राहिली म्हणूनच पडली नाही. हे उत्तर गुळमुळीत नाही. ते वास्तूच्या आजपर्यंतच्या टिकण्याचे कारण सांगते. असे प्रश्न मुलांसमोर पहिल्यांदा ऐकण्याऐवजी प्रशिक्षणात, सहकाऱ्यांच्या समोर, ऐकावयास मिळणे हे शिक्षकाच्या आणि गावाच्याही हिताचे आहे.

सापडलेल्या वस्तूचा प्रश्न :

स्थानिक इतिहासाचा उपक्रम हाती घेतला की अनेक शाळा ‘इतिहास कोपरा’ तयार करतात आणि मुलांना घरातील, शेतातील जुन्या वस्तू आणावयास सांगतात. उपक्रम उत्साहाने होतो. जाते, पायली, अडकित्ता, कंदील, जुनी नाणी, ताम्हण अशा वस्तू जमतात. घरातील वस्तूंपुरते हे उत्तमच आहे. पण तेरच्या पंचक्रोशीत किंवा कोणत्याही जुन्या पांढरीच्या गावात मुलाने शेतातून मणी, मूर्तीचा तुकडा किंवा नाणे उचलून आणले तर शिक्षकाने काय करावे? याविषयी बहुतेक प्रशिक्षणे मौन बाळगतात, आणि लेखकाच्या मते सर्वांत अधिक मार्गदर्शन येथेच आवश्यक आहे.

कायद्याची बाजू अशी. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची मौल्यवान वस्तू सापडल्यास तिची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याने, जो एप्रिल १९७६ पासून अमलात आला, शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांना पुरावशेष मानले असून काही वर्गांतील वस्तूंची नोंदणी आवश्यक केली आहे. शाळेच्या कपाटातील मूर्तिखंड हा अनेकदा मुख्याध्यापकाला कल्पना नसताना या कायद्यांच्या कक्षेत येत असतो.

शास्त्राची बाजू त्याहून महत्त्वाची. वस्तूइतकीच तिची जागा बोलते. कोणत्या थरात, कशाच्या शेजारी ती पडली होती, यावरून तिचा काळ आणि उपयोग ठरतो. उचलली की ती साक्ष संपते. तेर आणि भोकरदन यांची तुलना येथे उद्बोधक ठरेल. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ च्या सुमारास केलेल्या उत्खननातही पाँपेईच्या मूर्तीशी जुळणारा हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाला. तो खंडित आहे. तेरची मूर्ती पाहावयास अधिक देखणी. तरीही कालनिश्चितीच्या दृष्टीने भोकरदनच्या तुकड्याचे वजन वेगळे आहे, कारण तो उत्खननात, थरासह मिळाला. तेरची मूर्ती संग्राहकाच्या हाती आली ती थराची साक्ष मागे ठेवून.

यावरून लामतुरे यांच्या कार्याला उणेपणा येतो असे मुळीच नाही. त्यांनी त्या वस्तू उचलल्या नसत्या तर त्या पावसात वाहून गेल्या असत्या, नांगराखाली फुटल्या असत्या किंवा मोडीत गेल्या असत्या. तेरला पद्धतशीर उत्खनने झाली ती नंतर; १९५८ सालचे बा. ना. चापेकर यांचे उत्खनन त्यांतील प्रमुख. त्या काळी संग्राहकाचे जमविणे हाच जतनाचा एकमेव मार्ग होता. आज तसे नाही. म्हणून आजच्या मुलाला लामतुरे यांच्याकडून घ्यावयाची ती दृष्टी. उचलण्याची सवय नव्हे. शेतात काही दिसले तर ते जागेवरून न हलविता त्याचे छायाचित्र काढावे, शेजारी मापासाठी पट्टी किंवा पेन ठेवावे, गट क्रमांक आणि बांधापासूनचे अंतर लिहून ठेवावे आणि शिक्षकामार्फत तहसील कार्यालयाला व पुरातत्त्व विभागाला कळवावे. आता जवळपास प्रत्येक घरात कॅमेऱ्याचा मोबाईल असल्याने हे सहज होण्यासारखे आहे. शाळेच्या कपाटात वस्तूऐवजी तिची नोंदवही असेल. संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणे हे कर्तव्य म्हणून सांगितले आहे, आणि ते पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेलेही असते. त्या ओळीला गट क्रमांकासह लिहिलेली नोंद हाच काय तो प्रत्यक्ष अर्थ असू शकतो.

संग्रहालय गावात :

प्रत्येक वर्ग तेरला जाऊ शकेल असे नाही. प्रवासाचा खर्च, परवानग्या, एकशिक्षकी शाळा या अडचणी खऱ्या आहेत. त्यावर एक उपाय म्हणजे संग्रहालयानेच शाळेकडे जाणे. विज्ञानाच्या क्षेत्रात कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालयाने १९६५ पासून फिरती प्रदर्शने गावोगाव नेली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली बसमधील फिरते संग्रहालय सुरू केले. ग्रामीण शासकीय संग्रहालयाकडून बसची अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. परंतु एक पेटी होऊ शकते. तीत नाण्यांच्या व मूर्तींच्या प्रतिकृती, मोठी छायाचित्रे, दुहेरी साच्याचा एक नमुना, नकाशा आणि शिक्षकासाठी टिपण असावे. प्रतिकृती मुलांनी हाताळाव्यात, पाडल्या तरी चालतील अशा असाव्यात. ही पेटी मुरुडच्या प्रशिक्षण संस्थेतून एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात फिरू शकेल.

दुसरा उपाय गावातच आहे. आपल्याकडे मारुतीच्या पाराजवळ, वेशीत किंवा ओढ्याकाठी वीरगळ उभे असतात. पुष्कळदा शेंदूर फासलेले, कधी कपडे धुण्याच्या दगडाशेजारी. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. खालच्या चौकटीत लढाई, कधी गाईंच्या रक्षणासाठी झालेली, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, माथ्याशी चंद्र-सूर्य. हा क्रम एकदा शिक्षकाला कळला की गावातील दगड बोलू लागतो, आणि तोच शिक्षक संग्रहालयातील शिल्पखंडही अधिक आत्मविश्वासाने दाखवितो. अलीकडच्या काळापुरते बोलावयाचे तर कुर्डुवाडी–लातूर ही बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी गाडी, सप्टेंबर १९४८ पर्यंतची निजामी राजवट आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप हे तीनही विषय घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणींतून मुलांना टिपता येतात. त्यांपैकी पहिल्या दोहोंचे साक्षीदार आता झपाट्याने कमी होत आहेत. तेव्हा या नोंदींना उशीर परवडणारा नाही.

जिल्ह्याची सीमा आणि महाविद्यालय :

एक अडचण निव्वळ प्रशासकीय आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत मुरुड आणि तेर एकाच जिल्ह्यात होते. आता मुरुड लातूर जिल्ह्यात, तर तेर त्या मूळ जिल्ह्यात, ज्याचे नाव २०२३ पासून धाराशिव झाले आहे. प्रशिक्षणाचे आदेश, सहलींच्या परवानग्या, निधी हे सारे जिल्हानिहाय चालते. त्यामुळे मुरुडच्या शिक्षकाला ‘आपल्या जिल्ह्यातील’ वारसास्थळांची यादी दिली जाते, तेव्हा तीत उदगीर, औसा, खरोसा येणे स्वाभाविक आहे आणि तेर येणार नाही. सातवाहनांना ही सीमा ठाऊक नव्हती, एवढेच म्हणता येईल. दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशिक्षण संस्था आणि पुरातत्त्व विभाग यांनी संयुक्त कार्यक्रम आखल्यास यातून वाट निघू शकते. मात्र त्यासाठी कोणीतरी पुढाकार घेऊन दोन्हीकडे पत्रव्यवहार करावा लागेल, आणि महाविद्यालयांना जिल्ह्याच्या सीमेचे असे बंधन नसते.

महाविद्यालयातील इतिहास विभागाला याहून नेमके असे एक काम करता येईल. तेरविषयीचे मूलभूत लेखन, म्हणजे फ्लीट यांचा लेख, कझिन्स यांचा अहवाल, डग्लस बॅरेट यांची १९६० ची पुस्तिका, चापेकरांचा उत्खनन-अहवाल, हे इंग्रजीत आणि मोजक्या ग्रंथालयांत आहे. प्राथमिक शिक्षकाच्या हाती ते पडणे कठीण. त्याच्यासाठी सोळा ते वीस पानांची सोप्या मराठीतील पुस्तिका हवी. तीत दहा वस्तू असाव्यात, अधिक नकोत. प्रत्येक वस्तूचे एक पान. वर छायाचित्र, खाली ती कोठे मिळाली, कशाची आहे, तिच्याविषयी काय निश्चित माहीत आहे आणि काय केवळ तर्क आहे, आणि पाठ्यपुस्तकातील कोणत्या पाठाशी ती जोडता येईल. शेवटच्या दोन पानांवर सापडलेल्या वस्तूची नोंद कशी करावी याचा नमुना छापावा. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पकार्यात दहा विद्यार्थ्यांनी एकेक पान लिहिले तर एका सत्रात मसुदा तयार होईल. छायाचित्रांसाठी पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी आधी मागावी लागेल, कारण तिलाच अधिक वेळ लागण्याचा संभव आहे.